इन्व्हर्स फंक्शन काढताना सूत्राआधी डोमेन पाहा

फंक्शन दिले आहे, इन्व्हर्स काढा. बारावीच्या पेपरात हा प्रश्न दिसला की बहुतेक मुले लगेच क्ष आणि य यांची अदलाबदल करून आकडेमोडीला भिडतात. सूत्र पुष्कळदा बरोबरही येते. गुण मात्र जातात, कारण इन्व्हर्स मुळात आहे का हे तपासलेले नसते आणि आलेले सूत्र कोणत्या संख्यांना लागू आहे हे लिहिलेले नसते. गोव्यात अकरावी-बारावीला एनसीईआरटीची पुस्तके चालतात. त्यांत प्रश्न बहुधा जोडीनेच येतो: फंक्शन इन्व्हर्टिबल आहे हे दाखवा आणि मग इन्व्हर्स काढा. पहिला भाग गाळून दुसरा कितीही सुबक सोडवला तरी उत्तर अपुरेच.

खाली क्ष आणि य म्हणजे वहीतले एक्स आणि वाय, फ आणि ग म्हणजे एफ आणि जी. इन्व्हर्स म्हणजे बाहेर आलेल्या आकड्यावरून आत घातलेला आकडा परत देणारे उलटे फंक्शन. डोमेन म्हणजे फंक्शनमध्ये जे आकडे घालता येतात त्यांचा संच. रेंज म्हणजे त्यातून खरोखर बाहेर येणाऱ्या आकड्यांचा संच. बाहेर येणारे आकडे कोणत्या संचातले असतील म्हणून आधीच जाहीर केलेले असते तो कोडोमेन. रेंज आणि कोडोमेन एकच नव्हेत, आणि पुढची अर्धी गडबड इथेच होते.

इन्व्हर्स आहे का?

मोटारसायकल पायलटचे, म्हणजे गोव्यातल्या दुचाकी टॅक्सीचे, भाडे घ्या. दर हिशेबापुरते धरू, खरे नव्हेत: पहिल्या २ किलोमीटरपर्यंत सरसकट ४० रुपये, पुढे दर किलोमीटरला १५ रुपये. अंतर क्ष, भाडे य. अंतर सांगितले की भाडे ठरते, म्हणजे हे फंक्शन आहे.

आता उलट विचारा. गिऱ्हाइकाने १०० रुपये दिले, तर तो किती लांब गेला? ४० वजा केले, ६० उरले, १५ ने भागून ४ आले, त्यात पहिले २ मिळवले: ६ किलोमीटर. उत्तर एकच, वादच नाही. पण ४० रुपये दिले असतील तर? तो म्हापशाच्या बाजारातून पाव किलोमीटर गेला असेल, दीड गेला असेल किंवा पुरते दोन. भाड्यावरून अंतर सांगता येत नाही, कारण वेगवेगळ्या अंतरांना एकच भाडे आहे. फंक्शन वन-वन नाही म्हणतात ते हेच. आणि २५ रुपये भाडे झाले असे कोणी म्हणाला तर? तेवढे भाडे या दरात होतच नाही. कोडोमेन म्हणून ‘शून्यापासून वरची कुठलीही रक्कम’ लिहिले असेल, तर त्यातल्या काही रकमांना अंतरच नाही. म्हणजे फंक्शन ऑन्टोही नाही.

दोन्ही दोष डोमेन आणि कोडोमेन छाटून दूर होतात. अंतर २ किंवा जास्त, भाडे ४० किंवा जास्त, एवढेच ठेवले की प्रत्येक भाड्याला नेमके एक अंतर मिळते आणि इन्व्हर्स तयार होतो: अंतर = २ + (भाडे − ४०) / १५. भाड्याचे सूत्र तेच राहिले, फक्त त्याचा मुलूख बदलला.

कागदावर वन-वन दाखवण्याची सरळ रीत अशी: फ(अ) = फ(ब) असे धरा आणि त्यावरून अ = ब निघते का पाहा. मोडून दाखवायचे असेल तर एकच उदाहरण पुरते, जसे फ(क्ष) = क्ष² साठी फ(३) = फ(−३) = ९. आलेख समोर असेल तर पट्टी आडवी धरून वरखाली सरकवा. कुठेही दोन ठिकाणी छेदली तर वन-वन नाही. ही पट्टीची चाचणी स्वतःची खात्री पटवायला उत्तम, पण ‘सिद्ध करा’ म्हटले असेल तिथे तिच्यावर भागत नाही. ऑन्टो दाखवण्यासाठी कोडोमेनमधला कोणताही य घ्या आणि त्याच्यासाठी डोमेनमधला क्ष काढून दाखवा. हे करताना जे सूत्र हाती येते तोच इन्व्हर्स असतो, त्यामुळे या कामाचे श्रम वाया जात नाहीत.

एक उदाहरण पायरीपायरीने

फ(क्ष) = (२क्ष + ३) / (क्ष − ४).

आधी डोमेन. छेद शून्य होता कामा नये, म्हणून क्ष ≠ ४. ही ओळ सगळ्यात वर लिहा, शेवटी नव्हे.

मग वन-वन. फ(अ) = फ(ब) धरून तिरकस गुणाकार केला की (२अ + ३)(ब − ४) = (२ब + ३)(अ − ४). कंस सोडवा: २अब − ८अ + ३ब − १२ = २अब − ८ब + ३अ − १२. सारखे गेले की उरते −११अ = −११ब, म्हणजे अ = ब.

आता य = (२क्ष + ३) / (क्ष − ४) लिहून क्ष एकटा करायचा. छेदाने गुणा: यक्ष − ४य = २क्ष + ३. क्ष असलेली पदे एका बाजूला आणा: यक्ष − २क्ष = ४य + ३. क्ष सामाईक काढा: क्ष(य − २) = ४य + ३. म्हणून क्ष = (४य + ३) / (य − २).

अडकायची जागा म्हणजे मधली ओळ. क्ष दोन पदांत आहे हे न पाहता एकाच पदातला क्ष सोडवतात, आणि उत्तरात दोन्ही बाजूंना क्ष राहून जातो. क्षची सगळी पदे एकत्र आणून सामाईक काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रेंज इथे फुकटात मिळते. आलेल्या सूत्राचा छेद य − २ आहे, म्हणजे य ≠ २. खरेच २ येत नाही का हे पडताळायचे असेल तर मूळ समीकरणात य = २ घाला: २क्ष − ८ = २क्ष + ३, म्हणजे −८ = ३. अशक्य. तेव्हा फ हे ‘४ सोडून सर्व वास्तव संख्या’ पासून ‘२ सोडून सर्व वास्तव संख्या’ या संचावर जाते, आणि इन्व्हर्स त्याच्या उलट. कोडोमेन म्हणून नुसत्या ‘सर्व वास्तव संख्या’ दिल्या असत्या तर हेच फंक्शन ऑन्टो नव्हते आणि इन्व्हर्स नाही असे उत्तर लिहावे लागले असते.

पडताळा: फ(५) = १३ / १ = १३. इन्व्हर्समध्ये १३ घाला: (५२ + ३) / ११ = ५. परत आलो. पडताळ्यासाठी ० आणि १ शक्यतो टाळा. १ चा वर्ग, वर्गमूळ आणि व्यस्त हे सगळेच १ असल्यामुळे चूक असूनही उत्तर जुळल्यासारखे दिसते. एका आकड्याचा पडताळा म्हणजे सिद्धता नव्हे. पडताळ्यानेच सिद्ध करायचे तर फ(फ⁻¹(य)) = य आणि फ⁻¹(फ(क्ष)) = क्ष ही दोन्ही समीकरणे सोडवून दाखवावी लागतात (फ⁻¹ म्हणजे फ चा इन्व्हर्स). पण आकडा घालायला अर्धे मिनिट लागते आणि चिन्हांच्या चुका तिथेच पकडल्या जातात.

शेवटी य च्या जागी क्ष लिहून फ⁻¹(क्ष) = (४क्ष + ३) / (क्ष − २) करायची प्रथा आहे. ही अदलाबदल दोन्ही आलेख अक्षांच्या एकाच जोडीवर काढता यावेत म्हणून आहे, गणिताची ती गरज नव्हे. आमचा सल्ला: अदलाबदल सगळ्यात शेवटी करा. सुरुवातीलाच केली की डोमेन कोणाचा आणि रेंज कोणाची याचा हमखास गोंधळ होतो. आणि अक्षरांना अर्थ असेल तिथे तर करूच नका. फॅरेनहाइट = (९/५) × सेल्सिअस + ३२ याचा इन्व्हर्स सेल्सिअस = (५/९) × (फॅरेनहाइट − ३२) असाच राहू द्या. ३२ अंश सेल्सिअसचे ८९.६ फॅरेनहाइट होतात. अक्षरे बदलून बसलात तर ८९.६ सेल्सिअस असे काहीतरी लिहिले जाईल.

वर्ग आला की सावध

फ(क्ष) = क्ष² − ६क्ष + ५. सर्व वास्तव संख्यांवर याला इन्व्हर्स नाही: फ(१) = ० आणि फ(५) = ०. म्हणून प्रश्नात ‘क्ष ≥ ३’ अशी अट दिलेली असते, आणि तीच अट नजरेतून सुटते.

पूर्ण वर्ग करा: य = (क्ष − ३)² − ४. म्हणून (क्ष − ३)² = य + ४, आणि क्ष − ३ = ±√(य + ४). इथे थांबून अट पाहा. क्ष ≥ ३ म्हणजे क्ष − ३ ऋण नाही, म्हणून अधिक चिन्ह: क्ष = ३ + √(य + ४). अट क्ष ≤ ३ असती तर वजा: क्ष = ३ − √(य + ४). य = ० घालून पाहा. पहिले सूत्र ५ देते, दुसरे १. दोन्ही आपापल्या मुलखात बरोबर. उत्तरात ± तसेच ठेवले तर ते फंक्शनच राहत नाही, एका य ला दोन उत्तरे झाली.

आता जरा खोलात. अट ‘क्ष ≥ ४’ दिली तर? सूत्र तेच राहते, ३ + √(य + ४). पण रेंज बदलते: फ(४) = १६ − २४ + ५ = −३, म्हणून य ≥ −३. वर्गमूळाला मात्र −४ पर्यंत हरकत नाही. मग य = −४ घातले तर? सूत्र ३ देते, आणि ३ मूळ डोमेनमध्ये नाही. सूत्र चालते म्हणून ते तिथे इन्व्हर्स ठरत नाही. इन्व्हर्सचा डोमेन म्हणजे मूळ फंक्शनची रेंज. तो सूत्राकडे पाहून ठरवायचा नसतो.

हीच गफलत उलट्या बाजूनेही होते. फ(क्ष) = √(२क्ष − ५), डोमेन क्ष ≥ ५/२, रेंज य ≥ ०. दोन्ही बाजूंचा वर्ग करून क्ष = (य² + ५) / २. सूत्र पाहिले तर कुठलाही य चालेल असे वाटते. पण य = −३ घातल्यावर ७ येतो, आणि फ(७) = √९ = ३, −३ नव्हे. म्हणून उत्तर पूर्ण लिहायचे: फ⁻¹(क्ष) = (क्ष² + ५) / २, क्ष ≥ ०. ती शेवटची अट उत्तराचाच भाग आहे.

घातांक आणि लॉग यांच्यात असा त्रास कमी. फ(क्ष) = २ × ३^क्ष − १ असेल तर १ मिळवा, २ ने भागा, ३ पायाचा लॉग घ्या: क्ष = लॉग₃((य + १) / २), य > −१. फ(२) = १७ आणि लॉग₃(९) = २.

त्रिकोणमिती आणि भरती-ओहोटी

साइन, कॉस, टॅन ही फंक्शने तीच ती उत्तरे पुन्हा पुन्हा देतात, म्हणून अख्ख्या डोमेनवर त्यांना इन्व्हर्स असणे शक्य नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर याचे उदाहरण रोज दिसते. दिवसातून साधारण दोनदा भरती, दोनदा ओहोटी. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. सोपे व्हावे म्हणून १२ तास धरू. रात्री १२ ला पूर्ण भरती आहे आणि त्यानंतर व तासांनी (व म्हणजे वेळ) पाण्याची उंची उ मीटर अशी समजा:

उ = १.२ + ०.८ × कॉस(३०व°)

व = २ घाला: कॉस ६०° = ०.५, उंची १.६ मीटर. आता उलट: पाणी १.६ मीटरवर आहे, वाजले किती? पहाटेचे २, सकाळचे १०, दुपारचे २ किंवा रात्रीचे १०. चार उत्तरे. नुसत्या उंचीवरून वेळ सांगता येत नाही. पण तिसऱ्या (शिंपल्या) काढायला ओहोटीलाच पाण्यात उतरणाऱ्या माणसाला भरतीशी कर्तव्य नसते. पाणी उतरत असतानाचा तुकडा, व ० ते ६, एवढाच घेतला की उंची २.० पासून ०.४ पर्यंत सतत उतरते आणि इन्व्हर्स मिळतो:

व = कॉस⁻¹((उ − १.२) / ०.८) ÷ ३०, उ ०.४ ते २.०

चढत्या पाण्यासाठी, व ६ ते १२, सूत्र वेगळे: १२ मधून वरची किंमत वजा करा. १.६ मीटरला पहिले सूत्र २ देते, दुसरे १०.

कॅल्क्युलेटरवरच्या कॉस⁻¹ ने हेच केलेले असते, फक्त कोणता तुकडा घ्यायचा हे आधी ठरवून टाकलेले आहे. साइन⁻¹ ची उत्तरे −९०° ते ९०° यांतच, कॉस⁻¹ ची ०° ते १८०° यांतच, आणि टॅन⁻¹ ची −९०° व ९०° यांच्या दरम्यान, टोके सोडून. हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. साइन⁻¹(साइन १२०°) चे उत्तर १२०° लिहू नका, ते ६०° आहे. कॉस⁻¹(कॉस २१०°) = १५०°. टॅन⁻¹(टॅन १३५°) = −४५°. तिन्ही ठिकाणी कारण एकच: दिलेला कोन ठरलेल्या तुकड्याबाहेर होता. म्हणून त्याच किमतीचा, पण तुकड्यातला कोन शोधायचा. उलट क्रमाने मात्र, साइन(साइन⁻¹ क्ष), क्ष −१ ते १ मध्ये असला की नेहमी क्ष च मिळतो.

कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे की रेडियनवर हे आधी पाहा. साइन⁻¹(०.५) ला ३० आले तर डिग्री, ०.५२३६ आले तर रेडियन.

याच बटणामुळे आणखी एक भ्रम पक्का होतो. साइन⁻¹ म्हणजे १ भागिले साइन नव्हे, तो कोसेक. जॉन हर्शेल यांनी १८१३ मध्ये ही खूण त्रिकोणमितीत आणली, तेव्हापासून विद्यार्थी तिला ठेचकाळतायत. साइन² क्ष मधला २ खरोखर घात असतो आणि साइन⁻¹ क्ष मधला −१ नसतो, ही विसंगती आहेच. फ(क्ष) = २क्ष + ६ घेऊन एकदा फरक पाहून ठेवा: फ⁻¹(१०) = २, आणि १ / फ(१०) = १ / २६.

दोन फंक्शने एकामागून एक

पणजीहून दिवाडीला जायचे तर आधी रायबंदरपर्यंत बस, मग फेरीबोट. परतताना आधी फेरीबोट, मग बस. फ∘ग म्हणजे आधी ग, मग फ. (फ∘ग)⁻¹ = ग⁻¹∘फ⁻¹ यात क्रम उलटतो तो असाच. ग(क्ष) = क्ष + ४ आणि फ(क्ष) = ५क्ष घेतले तर फ(ग(क्ष)) = ५(क्ष + ४). इन्व्हर्स आधी ५ ने भागतो, मग ४ वजा करतो: य/५ − ४. क्ष = २ ला ३० येतात, आणि ३०/५ − ४ = २. क्रम चुकवून (य − ४)/५ केले तर ५.२.

आलेख

फ च्या आलेखावरचे चार-पाच बिंदू घ्या, प्रत्येकातले दोन आकडे उलटे लिहा, नवे बिंदू जोडा. (५, ०) चा (०, ५) होतो. दोन्ही आलेख य = क्ष या रेषेच्या आरशात एकमेकांची प्रतिबिंबे दिसतात, पण दोन्ही अक्षांवर एक सेंटिमीटरला सारखेच एकक धरले असेल तरच. मोबाइलवर जिओजेब्रा किंवा डेस्मॉस हे आलेख काढणारे ॲप असेल तर क्ष आणि य उलटे करून समीकरण टाइप केले तरी पुरते, क्ष एकटा करण्याची गरज नाही.

फ आणि फ⁻¹ चे आलेख य = क्ष वरच छेदतात असे काही मार्गदर्शकांत सरसकट सांगितलेले असते. ते सतत वाढत्या फंक्शनपुरते खरे. फ(क्ष) = −क्ष³ घ्या: तो आणि त्याचा इन्व्हर्स (१, −१) आणि (−१, १) इथेही भेटतात, आणि हे दोन्ही बिंदू त्या रेषेवर नाहीत. म्हणून छेदबिंदू विचारले की फ(क्ष) = क्ष सोडवून मोकळे होऊ नका; फंक्शन सतत वाढते आहे का, ते आधी पाहा.

सूत्र निघत नाही तेव्हा

फ(क्ष) = क्ष⁵ + क्ष + १. डेरिव्हेटिव्ह फ′(क्ष) = ५क्ष⁴ + १ नेहमी धन, म्हणजे फंक्शन सतत वाढते, म्हणून वन-वन. पाचव्या घातामुळे ते दोन्ही बाजूंना अमर्याद जाते, म्हणून ऑन्टोही. इन्व्हर्स नक्की आहे, पण क्ष एकटा करायला गेलात तर वहीची पाने संपतील. जेईईसारख्या परीक्षांत अशा फंक्शनचा फ⁻¹(३५) विचारतात तेव्हा सूत्र अपेक्षितच नसते. कोणत्या क्ष ला ३५ येतात एवढेच पाहायचे: ३२ + २ + १, म्हणजे क्ष = २.

त्याच प्रश्नाचा पुढचा तुकडा बहुधा इन्व्हर्सच्या डेरिव्हेटिव्हचा असतो. (फ⁻¹)′(३) हवा असेल तर आधी फ(क्ष) = ३ कुठे होते ते शोधा: क्ष = १. मग १ / फ′(१) = १ / ६. इथे फ′ मध्ये ३ घालणारे बरेच निघतात आणि १ / ४०६ असे उत्तर लिहून येतात. फ′ मध्ये मूळ डोमेनमधला आकडा घालायचा असतो, आणि ३ हा रेंजमधून घेतलेला आकडा आहे.